जिन्याखालचा उद्योजक

मी नोकर आहे की धंदेवाला, हा प्रश्न वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला पडला नव्हता. तो एका परक्या देशाच्या सरकारला पडला आणि त्या सरकारने त्याचं उत्तर माझ्या घरी येऊन, म्हणजे कॅमेऱ्यातून डोकावून, शोधून काढलं. देशाचं नाव लिहीत नाही. तिथे वर्षातले सात महिने थंडी असते एवढं पुरे. परभणीच्या मे महिन्यात कुणी ‘सात महिने थंडी’ म्हटलं की माणूस बाकीच्या अटी वाचत नाही. माझं तेच झालं.

फोन बन्सीधरचा होता. बन्सीधर माझा मावसभाऊ, मूळचा चुडाव्याचा. वीस वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि आता त्याचं तिथे घरांचे नकाशे काढून देणारं स्वतःचं ऑफिस आहे. मीही नकाशेच काढतो. वसमत रोडला किशनराव इंजिनियर यांचं ऑफिस आहे, तिथे चौदा वर्षं कॉम्प्युटरपुढे बसून लोकांच्या भिंती, खिडक्या आणि जिने काढतोय. घर बांधणारा माणूस पाया किशनरावांच्या नावाने घालतो, नकाशावर सही किशनरावांची असते, आणि जिन्यात डोकं आपटलं की शोध माझा सुरू होतो.

“योगीराज, इकडं ये,” बन्सीधर म्हणाला. “नोकरीचा व्हिसा लय अवघड हाय. पण उद्योजकाचा व्हिसा सोपा हाय. तू तुझी कंपनी काढ. तुझ्या कंपनीला सगळं काम मी देतो.”

“सगळं म्हणजे?”

“सगळंच. दुसऱ्या कुणाचं काम घ्यायला तुला फुरसतच मिळायची न्हाई.”

मला हे ऐकून गहिवरून आलं. माझी बायको राजेश्री शिकवण्या घेते, त्यामुळे तिला कशानेच गहिवरून येत नाही. ती म्हणाली, “म्हणजे तिकडं जाऊन त्याच्या हापिसात बसायचं. मग ही कंपनी कशाला मधी?”

“ती व्हिशासाठी.”

“आन व्हिसा?”

“कंपनीसाठी.”

चौथीतल्या पोराच्या वहीत चुकीचा भागाकार दिसल्यावर ती जशी बघते, तशी माझ्याकडे बघून आत गेली.

अर्जाबरोबरची नियमांची चौपन्न पानं मी शेजारच्या दत्तरावांकडे नेली. दत्तराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही सरकारचा कागद असो, ते तो आधी उजेडात धरून बघतात. तीन दिवस त्यांनी ती पानं वाचली आणि चौथ्या दिवशी मला बोलावून घेतलं.

“हे सरकार हुशार हाय,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून सरकारबद्दल असं मी पहिल्यांदाच ऐकलं. “त्यांना म्हाईत हाय, लोक नोकरी करायलेत आन वरून तिला धंद्याचं पांघरूण घालायलेत. म्हणून त्यांनी प्रश्न काढलेत. आता खरं सांगायचं. किशनरावांकडं जाताना वेळ कोण ठरवतं?”

“ते. दहा ते आठ.”

“कॉम्प्युटर कुणाचा?”

“त्यांचा.”

“त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काम करता?”

“एकदा केलं होतं. ते दोन महिने बोलत नव्हते.”

“तुमी आजारी पडलात तर बदली माणूस पाठवता येतो का?”

“आजारी पडलो तरी मीच जातो.”

दत्तरावांनी चष्मा काढला. “मग तुमी नोकर हायत.”

हे मला फार लागलं. नोकराला नेमणूकपत्र असतं, रजा असते, फंड असतो. मला यातलं काहीच नव्हतं, त्या अर्थी मी नोकर असणं शक्यच नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी किशनरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “योगीराज, तू काय नोकर हायस का? तू स्वतंत्र हायस. तू घरचा माणूस.” तेव्हापासून मी स्वतंत्र होतो आणि घरच्या माणसाला रजा कसली, म्हणून दिवाळीचे दोन दिवस सोडले तर रोज दहाला हजर होतो. मी हे दत्तरावांना अभिमानाने सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं.

पण ते हार मानणारे नव्हते. नियमात लिहिलं होतं की अर्जदाराला आपल्या देशात स्वतंत्र व्यवसायाचा अनुभव हवा. “अनुभव तयार करू,” दत्तराव म्हणाले. “जागा, पाटी, नोंदणी आन दोन-तीन गिऱ्हाईकं. महसुलात याहून अवघड गोष्टी आमी तयार केल्यात.”

जागा म्हणून जिन्याखालचा कोनाडा ठरला. तिथे आमची जुनी सायकल, कुलरचं गवत आणि राजेश्रीच्या माहेरून आलेला एक हंडा होता. हंडा हलवायला राजेश्रीने नकार दिल्यामुळे टेबल त्याच्यापुढे आलं. मी स्वतः काढलेल्या जिन्याखाली ताठ बसता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग पाटी. पेंटरला मी मजकूर लिहून दिला होता : ‘योगीराज डिझाइन कन्सल्टंट – घरांचे नकाशे’. त्याला ‘घरांचे’साठी जागा उरली नाही. त्याने स्वतःच्या बुद्धीने ‘सर्व प्रकारचे नकाशे मिळतील’ असं केलं. जून महिना होता, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. पहिल्या आठवड्यात सकाळी ऑफिसला जायच्या आधी माझ्याकडे अकरा गिऱ्हाईकं आली, त्या सगळ्या आयाबाया होत्या आणि सगळ्यांना महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा हवा होता. एक बाई तर कोरा भारत दहा प्रती मागायला लागल्या. मी त्यांना सांगितलं की मी वास्तुरचनेचा सल्लागार आहे. त्या म्हणाल्या, “मग नद्या दाखवलेला असंल तर तो द्या.”

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत नोंदणीसाठी एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, “व्यवसायाची जागा?” मी म्हणालो, “जिन्याखाली.” ते म्हणाले, “जिना निवासी असतो. व्यापारी नसतो.” मी म्हणालो, जिन्याने लोक चढतात-उतरतात, त्यात निवास कुणी करत नाही. यावर त्यांनी असा खुलासा केला की मग तो जिना ‘वहिवाट’ होतो आणि वहिवाटीत धंदा करणं हा गुन्हा आहे. धंदा नोंदवायला गेलेला मी गुन्हा नोंदवून घेण्याच्या बेतात होतो. शेवटी दत्तरावांनी जागेचं नाव ‘तळमजला, दक्षिण बाजू’ असं लिहिलं आणि काम झालं.

फॉर्ममध्ये कर्मचाऱ्यांची संख्याही होती. शून्य बरं दिसेना, म्हणून मी राजेश्रीचं नाव घातलं. तिने सही करायच्या आधी पेन उचलून विचारलं, “मला रजा किती?”

“तू घरचीच हायस,” मी म्हणालो.

हे वाक्य आपण कुठे ऐकलंय, हे मला तोंडातून निघाल्यावर आठवलं. राजेश्रीने सही केली नाही. कर्मचारी शून्यच राहिले.

आता खरी गिऱ्हाईकं हवी होती. दत्तरावांनी शेजारधर्म म्हणून स्वतःच्या न्हाणीघराचा नकाशा माझ्याकडून काढून घेतला. न्हाणीघर बांधून तीस वर्षं झाली होती. दुसऱ्या गिऱ्हाईक केवळाबाई. आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटपलीकडे त्यांची बावीस शेरडं असतात. पाटी वाचायला त्यांना येत नव्हतं, पण आयाबायांची वर्दळ बघून काहीतरी चांगलं मिळतंय अशा समजुतीने त्या आल्या.

“शेरडांचं घर काढून देतूस का?” त्यांनी विचारलं.

मी जरा ताठ झालो आणि जिन्याला डोकं आपटलं. चौदा वर्षं माणसांची घरं काढलेल्या हाताने गोठा काढायचा? पण अर्जाला गिऱ्हाईक हवं होतं. मी काढून दिला. केवळाबाईंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि बोट ठेवून म्हणाल्या, “हितून पाणी कुठं जाईल? शेरडाच्या पायाखाली ओल राहिली की खुरं सडत्यात. आन ही खिडकी वाऱ्याच्या तोंडाला? तुला जमत नसंल तर सांग बाबा, मी दुसरा बघते.”

किशनराव चौदा वर्षांत माझ्यावर ओरडले, रुसले, पण ‘दुसरा बघतो’ असं कधी म्हणाले नव्हते. त्या रात्री माझी झोप उडाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मी झरी गावाला जाऊन खरा शेरडांचा गोठा बघून आलो. नकाशा तीनदा बदलला. तिसऱ्या वेळी केवळाबाई म्हणाल्या, “आता कसं,” आणि तांब्याभर दूध ठेवून गेल्या. एखाद्या कामाबद्दल मला इतकं समाधान याआधी झालं होतं का, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.

राहिलं किशनरावांचं पत्र. मी भीत भीत मागितलं. त्यांनी आनंदाने, हसतमुखाने, ऑफिसच्या छापील कागदावर लिहून दिलं : ‘श्री. योगीराज हे स्वतंत्र व्यावसायिक असून आमचे कर्मचारी नाहीत व कधीही नव्हते. त्यांच्या वेळेवर आमचे कोणतेही नियंत्रण नाही.’ ‘कधीही नव्हते’ त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. असं पत्र लिहायची संधी ते चौदा वर्षं शोधत असावेत.

“साहेब, मंगळवारी अकराला व्हिडिओवर मुलाखत हाय,” मी म्हणालो. “त्या दिवशी सुट्टी पायजे होती.”

किशनरावांनी पत्रावर शिक्का मारता मारता वर बघितलं. “मंगळवारी? मंगळवारी जमणार न्हाई. फाइल द्यायचीय. सुट्टी-बिट्टी काय न्हाई.”

शिक्का बसला.

मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता घरी राहिलो. मंगळवारी पावणेअकराला शर्ट-टाय घालून, खाली घरचा पायजमा ठेवून, हंड्यावर चादर टाकून जिन्याखाली बसलो. दत्तराव कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या पायरीवर नियमांची चौपन्न पानं घेऊन बसले. पडद्यावर एक गोरे, मवाळ चेहऱ्याचे अधिकारी आले आणि त्यांच्या शेजारच्या चौकोनात मराठी बोलणाऱ्या दुभाषी बाई.

सुरुवात फार छान झाली. “तुमच्या कामाची वेळ कोण ठरवतं?” बाईंनी विचारलं.

“मीच,” मी म्हणालो. “मी माझ्या वेळेचा मालक आहे. मला कुणी ‘ये’ म्हणू शकत नाही आणि ‘जा’ म्हणू शकत नाही.”

अधिकाऱ्यांनी मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

“योगीराज!” हा आवाज मी झोपेतही ओळखतो. “अकरा वाजून गेले! कुणाला विचारून घरी बसलास तू?”

किशनराव थेट जिन्याखाली आले. माझा टाय, चादरीखालचा हंडा आणि पडद्यावरची दोन माणसं त्यांनी एकामागून एक पाहिली. दुभाषी बाईंनी विचारलं, “हे गृहस्थ कोण?”

किशनरावांना आपलं पत्र आठवलं असावं. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्याला नमस्कार केला. “मी यांचा गिऱ्हाईक,” ते म्हणाले. मग दातांतल्या दातांत माझ्याकडे वळून, “ऊठ. गिऱ्हाईक म्हणून सांगायलोय, ऊठ.”

“साहेब, पाच मिनिटं...”

“ते तुम्हाला साहेब का म्हणतात?” बाईंनी अधिकाऱ्यांच्या वतीने विचारलं.

“आदरानं,” किशनराव म्हणाले. “लय आदर हाय त्याला. अजून पंधरा मिनिटांत हापिसात न्हाई आला तर अर्धा दिवस कापणार हाय मी.”

दत्तरावांनी पायरीवर कपाळाला हात लावला. पण देवाला अजून समाधान नव्हतं. दारातून केवळाबाई आत आल्या. गोठ्याच्या दाराची रुंदी त्यांना बदलायची होती. किशनराव मधे उभे होते, त्यांना बाजूला सारत त्या म्हणाल्या, “व्हय बाजूला. ह्याच्याकडं माझं काम चालूय. तुझं असंल तर मागून ये.”

“ए बाई, हा माझा माणूस हाय!” किशनराव ओरडले.

“तुझा असंल तर बांधून ठेव की तुझ्या दारात,” केवळाबाई म्हणाल्या. “हितं पाटी कशाला लावू दिलीस?”

दुभाषी बाई हे सगळं शब्दशः सांगत होत्या, असं त्या अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. कॉम्प्युटर कुणाचा आणि चौदा वर्षं पैसे कोण देतं, हे त्यांनी विचारलं तेव्हा उत्तरं किशनरावांनीच ठणकावून दिली. मग शेवटचा एक प्रश्न आला. बाई म्हणाल्या, “साहेब विचारतात, तिकडे बन्सीधर यांच्याकडे तुम्ही किती वाजता हजर होणार?”

मी इतका गांगरलो होतो की खरं बोललो. “साडेसातला,” मी म्हणालो. “आणि रजा हवी असेल तर आठ दिवस आधी विचारायचं, असं त्यानं कळवलंय.”

त्यांनी फार नम्रपणे माझे आभार मानले. पडदा काळा झाला. मी पायजमा बदलून पँट घातली आणि किशनरावांच्या मागे मोटारसायकलवर बसून ऑफिसला गेलो. त्यांनी अर्धा दिवस कापला, तोही चिठ्ठी लिहून.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. अडीच पानी इंग्रजी, अतिशय सभ्य. राजेश्रीने ते ओट्याशी उभं राहून वाचलं आणि मला मराठीत सांगितलं. अर्ज नामंजूर. कारण, बन्सीधर यांच्याकडचं नियोजित काम हा व्यवसाय नसून नोकरी आहे. पुढे लिहिलं होतं की अर्जदाराचा पूर्वानुभवही व्यवसायाचा मानता येत नाही. चौदा वर्षं एकच पैसे देणारा, वेळ त्याची, साधनं त्याची, रजेला परवानगी त्याची, गैरहजेरीला शिक्षा त्याची. ‘वरील सर्व बाबी पाहता अर्जदार हे श्री. किशनराव यांचे कर्मचारी असल्याचे दिसून येते.’ शेवटी एक ओळ होती : ‘श्रीमती केवळाबाई या मात्र वास्तविक ग्राहक असल्याचे आढळले.’

मी खुर्चीवर बसलो. थंडी गेली, परदेश गेला आणि वरून एका सरकारने मला नोकर ठरवलं. आता कॉलनीत काय तोंड दाखवायचं?

राजेश्री पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचत होती. “अहो,” ती म्हणाली, “हा नकार न्हाई. हा दाखला हाय.”

“कसला?”

“चौदा वर्षं तुमाला कुणी लिहून दिलं न्हाई ते ह्यांनी दिलंय. फुकट. शिक्क्यासहित.”

तिने त्या दिवशी शिकवणी लवकर सोडली, पत्राच्या चार झेरॉक्स काढल्या आणि मला घेऊन किशनरावांच्या ऑफिसात गेली. मी दारातच थांबलो, कारण त्यांच्या केबिनमध्ये बोलावल्याशिवाय जायची मला सवय नाही. ती गेली.

किशनरावांनी पत्र वाचलं. एसी चालू असून त्यांनी रुमाल काढला. “वहिनी, हे परदेशातलं हाय. हितं ह्याला काय किंमत?”

“तेच विचारायला उद्या कामगार कार्यालयात जायलोय,” राजेश्री म्हणाली. “दत्तरावांनी अर्ज लिहून ठेवलाय. सोबत तुमचं पत्रबी जोडलंय. नियंत्रण न्हाई म्हणून लिहिलेलं. आन त्याच आठवड्यात अर्धा दिवस कापलेली चिठ्ठीबी.”

किशनराव दुखावले. खरंच दुखावले, त्यात खोटं नव्हतं. “मी योगीराजला कधी नोकर म्हणलो का? घरच्या माणसासारखा ठेवला.”

“आता नोकरासारखा ठेवा,” राजेश्री म्हणाली. “त्यात जरा बरं असतंय.”

दुसऱ्या दिवशी नेमणूकपत्र तयार झालं. त्यात रुजू तारीख त्याच दिवसाची होती आणि सहा महिने काम बघून कायम करण्याची अट होती. चौदा वर्षं माझं काम बघून त्यांचं समाधान झालं नव्हतं. राजेश्रीने ते परत पाठवलं. मग तारीख चौदा वर्षांपूर्वीची आली, फंडाचा फॉर्म आला आणि वर्षाला एकवीस दिवस हक्काची रजा आली. मी सही करण्याआधी ते दोनदा वाचलं. किशनरावांनीही.

पहिली रजा मी पुढच्याच सोमवारी घेतली. लेखी अर्ज दिला, त्यावर ‘मंजूर’ लिहून घेतलं. सोमवारी निवांत उठलो, चहा घेतला, पेपर वाचला. साडेनऊ वाजले. पावणेदहा वाजले. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. बाहेर जाऊन येतो म्हणून निघालो आणि दहा वाजता वसमत रोडला ऑफिससमोरच्या टपरीवर चहा पीत उभा होतो.

किशनरावांनी काचेतून पाहिलं आणि खिडकी उघडली. “योगीराज! रजेवर हायस म्हणल्यावर मोकळाच असशील. जरा आत ये की. गंगाखेड रोडचा एक जिना आडलाय.”

मी आत गेलो. जिना खरंच अडलेला होता. दुपारी एकपर्यंत तो सुटला आणि मी दुसरा उघडला. तेवढ्यात राजेश्रीचा फोन आला.

“कुठं हायत?”

“ऑफिसात.”

“आज तर रजा हाय ना?”

मी जरा विचार केला. मान वर ठेवायची तर उत्तर एकच होतं. “हो,” मी म्हणालो. “आज मी स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आलोय.”

मग ती म्हणाली, “फोन किशनरावांना द्या.”

मी दिला. किशनराव खुर्चीतून उठले. “हो वहिनी,” ते म्हणाले. “नाही वहिनी. हो वहिनी.” आणि फोन मला परत देण्याआधी त्यांनी वाकून, स्वतःच्या हाताने, माझा कॉम्प्युटर बंद केला.